घरी गेलेले दप्तर

कल्याणहून माळशेजकडे निघालेला महामार्ग मुरबाड आणि सरळगाव ही बाजाराची गावे मागे टाकून, सह्याद्रीच्या भिंतीला भिडण्यापूर्वी ज्या टोकावड्यात क्षणभर रेंगाळतो, तेथे सरकारचे अस्तित्व डोळ्यांना दिसावे अशा खुणा पुष्कळ आहेत. पोलीस ठाणे आहे, ग्रामीण रुग्णालय आहे, शाळा आहेत. तथापि या इमारतींकडे पाठ करून ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी यांच्या वाड्यांकडे जाणारी कोणतीही पायवाट धरावी, तर सरकार म्हणून जे काही वाडीच्या शेवटच्या घरापर्यंत पोहोचते ते बहुधा एखाद्या स्त्रीच्या हातातील मोबाइलमधून पोहोचते, असे आढळून येईल. ती कधी अंगणवाडीची सेविका असते, कधी आशाताई. शाळेत गुरुजी, सज्जावर तलाठी भाऊसाहेब, रोजगार हमीच्या कामावर ग्रामरोजगार सेवक, अशा प्रत्येकाच्या हाती त्याच जातीचे यंत्र आहे. बालकाचे वजन, गरोदर बाईच्या प्रसूतीची अपेक्षित तारीख, मजुरांची छायाचित्रासह हजेरी, विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, एवढा सगळा राज्यकारभार त्या काचेवर चालतो. आणि या यंत्रांपैकी पुष्कळशी ज्याच्या हातात आहेत त्याने स्वतःच्या पैशाने, पुष्कळदा हप्त्याने, विकत घेतलेली असतात.

कर्मचाऱ्याने आपले खाजगी यंत्र कचेरीच्या कामी वापरावे की नाही, हा वाद शहरात पंधरा-सोळा वर्षांपूर्वी सुरू झाला. इंटेलसारख्या कंपन्यांत २००९ च्या सुमारास नोकरवर्ग आपापले स्मार्टफोन घेऊन कामावर येऊ लागला, त्या प्रथेला ‘ब्रिंग युअर ओन डिव्हाइस’ असे नाव पडले आणि तिच्यापासून उद्भवणाऱ्या धोक्यांचे एक स्वतंत्र शास्त्र तयार झाले. ते धोके काल्पनिक नव्हते. २०२२ मध्ये लास्टपास नावाच्या, लोकांचे संकेतशब्द सांभाळण्याचाच व्यवसाय करणाऱ्या कंपनीत जी चोरी झाली, तिची वाट एका अभियंत्याच्या घरच्या संगणकातून गेली होती; त्याने मनोरंजनासाठी बसवलेल्या एका सॉफ्टवेअरमधील भगदाडातून चोर आत शिरले आणि तो टाइप करीत असलेला मुख्य संकेतशब्द त्यांनी टिपून घेतला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात उबर कंपनीत घुसखोरी झाली, तीही एका कंत्राटी माणसाचे खाजगी यंत्र आधी बाधित होऊन त्यातला संकेतशब्द चोरबाजारात विकला गेल्यामुळे झाली असावी, असे कंपनीनेच जाहीर केले. आपल्याकडे नागपूरच्या ब्राह्मोस प्रकल्पातील एका अभियंत्याला २०१८ च्या ऑक्टोबरात अटक झाली तेव्हा अभियोगाचा एक महत्त्वाचा भाग हाच होता, की प्रकल्पाची गोपनीय कागदपत्रे त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर सापडली.

या शास्त्राने सुचवलेले उपाय मुरबाड तालुक्यात आणून पाहावे, तर ते लागू पडत नाहीत. कारण त्यांचे मूळ गृहीतच येथे उलटे झालेले आहे. मुंबई-पुण्याच्या कंपनीत कर्मचारी आपला फोन हौसेने आणतो, आणि कंपनी त्याला अटी घालून मुभा देते: कामाचा कप्पा निराळा ठेव, कुलूप घाल, फोन हरवला तर आम्ही दुरून सगळे पुसून टाकू. वाडीवरच्या सेविकेने कसलीही मुभा मागितलेली नाही. तिच्याकडे फोन आहे एवढ्यावरून सरकारने आपली कचेरी तिच्या फोनमध्ये हलवली. जो धोका तेथे नोकराने मालकावर आणला, तो येथे मालकाने नोकरावर आणला आहे.

याचे सर्वांत ठळक दर्शन २०२४ च्या पावसाळ्यात घडले. जूनच्या अखेरीस ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली. एकवीस ते पासष्ट वयाच्या पात्र स्त्रियांना दरमहा १५०० रुपये मिळणार होते, आणि अर्ज ‘नारीशक्ती दूत’ नावाच्या ॲपवर भरायचे होते. ते भरण्याचे काम ज्यांच्याकडे आले त्यांत अंगणवाडी सेविका अग्रभागी होत्या, आणि त्यासाठी त्यांना अर्जामागे ५० रुपये प्रोत्साहन भत्ता जाहीर झाला. प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचे पासबुक आणि हमीपत्र घेऊन बायका अंगणवाडीच्या ओसरीवर येऊन बसत. सेविका एकेका कागदाचा फोटो काढी, अर्जदार बाईचा फोटो काढी, आणि मग सर्व्हरची कृपा होईपर्यंत वाट पाही. दिवसा ॲप चालत नसे म्हणून रात्री बारानंतर जागून अर्ज चढवल्याच्या हकिकती त्या दिवसांत राज्यभर ऐकू येत होत्या. राज्यातून दोन कोटींहून अधिक अर्ज गेले.

आता या व्यवहाराकडे दप्तराच्या दृष्टीने पाहावे. ॲपवर चढवलेला कागद सरकारच्या सर्व्हरवर गेला हे खरे. परंतु त्यासाठी काढलेला फोटो मोबाइलच्या गॅलरीतच राहिला. शेजारच्या वाडीवरून व्हॉट्सॲपने कोणी आपले आधार कार्ड पाठवले असेल, तर तेही गॅलरीत आपोआप उतरले. फोनमध्ये छायाचित्रांचा परस्पर साठा करण्याची सोय चालू असेल, आणि पुष्कळदा ती फोन पहिल्यांदा सुरू करतानाच चालू केलेली असते, तर त्याच कागदांची तिसरी प्रत कुठल्या तरी परदेशी कंपनीच्या साठ्यात गेली. आणि त्या खात्याचा संकेतशब्द सेविकेच्या मुलाला ठाऊक असतो, कारण खाते त्यानेच उघडून दिलेले असते. एका वाडीतील शंभर-दीडशे स्त्रियांचा आधार क्रमांक, बँकखाते, वय, पत्ता आणि चेहरा असा एकत्र संच ज्या फोनमध्ये आहे, त्याच फोनवर संध्याकाळी धाकटा मुलगा गेम खेळतो. त्याच वर्षी साताऱ्याकडे वडूजला एका दांपत्याने निरनिराळे आधार क्रमांक वापरून एकाच स्त्रीच्या नावे तीसएक अर्ज केल्याचे उघडकीस आले. ते क्रमांक कोणा सेविकेच्या फोनमधून गेले असे मला मुळीच सुचवायचे नाही. आधार क्रमांकांचा असा संच हाती पडला असता त्याचे काय करता येते, एवढे मात्र त्या प्रकरणाने दाखवून दिले.

गॅलरी पुसून टाकावी, असे कोणी म्हणेल. पण पुसायचे कोणाच्या हुकमाने? अर्ज नामंजूर होऊन परत आला आणि बाई दाराशी उभी राहिली, तर पुन्हा फोटो कोठून आणायचा? सेविकेला ती छायाचित्रे म्हणजे आपण काम केल्याचा पुरावा वाटतात, आणि ज्या नोकरीत कारणे दाखवा नोटीस ही नित्याची बाब आहे तेथे पुरावा जपून ठेवणे हा शहाणपणाच होय. गोपनीयतेला प्रतिकूल असलेली ही सवय त्या बाईच्या निष्काळजीपणातून आलेली नाही. ती वरिष्ठांच्या धाकातून आली आहे.

फोनचे आयुष्य तरी किती? स्वस्त अँड्रॉइड फोनला सुरक्षेचे अद्ययावत हप्ते दोन-तीन वर्षे मिळतात, मग बंद होतात. यंत्र मात्र पाच-सहा वर्षे चालवले जाते, म्हणजे निम्मे आयुष्य ते उघड्या दाराने काढते. काच फुटली की ते मुरबाडच्या किंवा कल्याणच्या दुकानात जाते. दुरुस्ती करणारा पहिला प्रश्न विचारतो तो पॅटर्न कोणता हा. आणि ताई तो सांगून, यंत्र दोन दिवसांसाठी त्याच्या हवाली करून, एसटीने परत येतात. दसऱ्या-दिवाळीला एक्स्चेंजची जाहिरात लागते, जुना फोन देऊन नवा घेतला जातो, आणि जुन्याचे पुढे काय होते याची तसदी कोणी घेत नाही.

शासनाने यंत्रे दिलीच नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१९ मध्ये पोषण अभियानातून महाराष्ट्रातील एक लाखाच्या आसपास सेविकांना फोन वाटण्यात आले होते. ते अल्प स्मृतीचे, तापणारे, अडखळणारे निघाले; हमीची मुदत संपल्यावर दुरुस्तीचा खर्चही सेविकांच्याच माथी येऊ लागला; आणि २०२१ च्या मार्चमध्ये केंद्राचे ‘पोषण ट्रॅकर’ आले, ते त्या यंत्रांना पेलेना आणि त्याची भाषा इंग्रजी असल्यामुळे सेविकांनाही उमजेना. अखेर त्या वर्षीच्या ऑगस्टात राज्यभरच्या सेविकांनी ते फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. ‘मोबाइल वापसी’ या नावाने ते आंदोलन प्रसिद्ध आहे. फोन परत केल्यावर काम थांबावयास हवे होते. पण तसे न होता, स्वतःच्या फोनवर ॲप घ्या असा दबाव सुरू झाला, आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. यातला उपरोध असा, की मोबाइल वापसीच्या एकच महिना आधी, २०२१ च्या जुलैत, राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने परिपत्रक काढून कर्मचाऱ्यांना बजावले होते की कार्यालयीन कामासाठी प्राधान्याने दूरध्वनीच वापरावा, भ्रमणध्वनी गरज पडेल तेव्हाच. मंत्रालयात भ्रमणध्वनी हा शिष्टाचाराचा प्रश्न होता. वाडीवर तीच कचेरी होती. पुढे सेविकांना नवे फोन मिळाले खरे, परंतु निरोप, याद्या आणि तातडीचे फर्मान व्हॉट्सॲपच्या ज्या समूहांत येते ते समूह बहुधा ताईंच्या खाजगी क्रमांकावरच राहिले. आशांची, शिक्षकांची, ग्रामरोजगार सेवकांची अवस्था तर बहुतांशी पूर्वीचीच आहे.

आपल्या मुलखाच्या इतिहासात दप्तर कोणाच्या घरात राहते हा प्रश्न नवा नाही. माळशेज चढून घाटमाथ्यावर गेले की ज्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या वतनदार कुलकर्ण्यांचा अंमल होता, तेथे गावचे दप्तर रुमालात बांधून कुलकर्ण्याच्या घरीच ठेवलेले असे. कोणाची जमीन किती, कोणाकडे बाकी काय, हे त्याच्या कोनाड्यातून बाहेर येई, आणि कोणत्या रूपात बाहेर येईल हे त्याच्या मर्जीवर अवलंबून राही. मुंबई सरकारने १९५० च्या कायद्याने परगणे व कुलकर्णी वतने नष्ट केली, त्यामागे जी अनेक कारणे होती त्यांत सार्वजनिक नोंद ही कोणाची घरगुती मालमत्ता असू नये हे तत्त्वही होते, असे म्हणता येईल. त्यानंतरच्या पगारी तलाठ्याच्या दप्तराला शिस्त होती. गावनमुन्यांच्या वह्यांची पाने मोजलेली असत. बदली झाली की जाणारा येणाऱ्याला चार्ज देई, यादीतील प्रत्येक वही दाखवून सही घेई, आणि एखादी वही कमी भरली तर पूर्वीच्याला जाब द्यावा लागे. ही व्यवस्था आदर्श होती असे कोणी शेतकरी म्हणणार नाही. सातबाऱ्यासाठी ज्याने हेलपाटे घातले आहेत तो तर नाहीच. तरीही वही कोणाच्या ताब्यात आहे, या प्रश्नाला तीत एक निश्चित उत्तर होते.

आता सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी दप्तर पुन्हा घरी गेले आहे. फरक इतकाच, की कुलकर्ण्याच्या घरी ते सत्ता म्हणून राहत होते, आणि सेविकेच्या घरी ते ओझे म्हणून राहते. ती नोकरी सोडते तेव्हा रजिस्टरे, वजनकाटा आणि सतरंजी यांची यादी होते. मोबाइलमधल्या नोंदींची होत नाही.

या दप्तरावर डोळा ठेवणारे लोकही बदलले आहेत. गेली दोन-तीन वर्षे गावोगावच्या व्हॉट्सॲप समूहांत ‘पीएम किसान’ किंवा ‘आरटीओ चलन’ या नावाची एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी, फाइल येऊन पडते. कधी ती लग्नपत्रिकेचे रूप घेते. ती उघडून हवी ती परवानगी दिली, की फोनमध्ये येणारे संदेश, अर्थात ओटीपीसुद्धा, परक्याच्या हाती जातात, आणि तो फोन मग आपल्याच धन्याच्या नावाने तीच फाइल पुढच्या समूहांत धाडू लागतो. खाजगी माणसाच्या बाबतीत यात त्याचे बँकखाते रिकामे होते. ज्याच्या फोनवर शासकीय लॉगिन आहे त्याच्या बाबतीत मात्र ओटीपी म्हणजे शिक्का होय. पूर्वी खोटा दाखला करणाऱ्याला शिक्का कोरून घ्यावा लागे. आता सहा अंक पुरतात.

या शिक्क्याच्या गैरवापराचे टोक यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यात, शेंदुरसनी या दीडेक हजार वस्तीच्या गावात, २०२५ च्या अखेरीस दिसले. तेथील ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या लॉगिनवरून थोड्या महिन्यांत सत्तावीस हजारांवर जन्म नोंदले गेल्याचे उघड झाले. एवढी बाळे जन्मली तेव्हा गावात कोणाला पाळण्याचा आवाज कसा आला नाही, असा विनोद सुचतो, पण तो गिळावा लागतो; कारण जन्माचा दाखला हा पुढच्या सर्व ओळखपत्रांचा पाया आहे. याआधीही, २०२३ च्या जूनमध्ये, कोविन या लसीकरणाच्या संगणकप्रणालीतील माहिती टेलिग्रामवरील एका बॉटकडून कोणालाही मिळू लागली, तेव्हा बिहारमधून एका तरुणाला अटक झाली, आणि त्याची आई आरोग्य कर्मचारी असल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. मोठ्या भिंती फोडाव्या लागत नाहीत. घरातल्या माणसाचा लॉगिन पुरतो.

टोकावड्याच्या आसपास हा लॉगिन कसा फिरतो, याचे कारण डोंगराच्या रचनेतच आहे. मोरोशीच्या बाजूला, भैरवगडाच्या आणि माळशेजच्या कुशीत शिरावे तसतसे रेंजचे पट्टे तुटक होत जातात. टेकाडावर चढून, हात उंच करून नोंदी पाठवाव्या लागतात, आणि तोपर्यंत त्या फोनमध्येच पडून राहतात. महिन्याचा अहवाल अडला, मुख्यसेविका मॅडमचा फोन आला, की रस्त्यावरच्या गावातील झेरॉक्सच्या दुकानात जाऊन, “दादा, एवढं भरून द्या ना,” असे म्हणत आयडी आणि पासवर्ड कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून द्यावा लागतो. दादा भला माणूस असतो. तो वीस-तीस रुपयांत काम करतो आणि पुढच्या महिन्यासाठी चिठोरा जपून ठेवतो. माहिती-सुरक्षेच्या पाठ्यपुस्तकात ज्याला महापातक म्हटले आहे ते येथे परोपकाराच्या रूपाने वावरते.

समूहात चुकून भलतीच यादी टाकणे हा आणखी एक नित्याचा अपघात. पण त्याबद्दल वाडीवरच्या बायांना हिणवण्याचे कारण नाही. २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराने येमेनवरील हल्ल्याची चर्चा चाललेल्या सिग्नलच्या समूहात एका मासिकाच्या संपादकालाच सामील करून घेतले होते. ज्यांच्या दिमतीला जगातील सर्वांत बंदिस्त दूरसंचार यंत्रणा हजर आहे तेही सोयीपोटी खिशातल्या फोनकडे वळतात, तर ज्यांना दुसरे साधनच नाही त्यांच्याकडून कोणती अपेक्षा करावी?

सगळी नोंद सारख्याच तोलाची नसते, हे मात्र येथे लक्षात घेतले पाहिजे. टोकावड्याच्या पुढे वैशाखऱ्याजवळून जी वाट नाणेघाटाला चढते तिच्या माथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांनी यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे आणि नाणी यांचा हिशेब भिंतभर कोरून ठेवला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याने तो पाहावा याचसाठी. काही नोंदी अशा उघड्यावरच शोभतात: रोजगार हमीचे हजेरीपट, रेशनचा साठा, ग्रामपंचायतीचा खर्च. याउलट वाडीवरच्या मुलीला कितवा महिना आहे, गर्भपातासाठी कोण कोणत्या रुग्णालयात गेली, कोणाच्या क्षयाच्या गोळ्या चालू आहेत, हे आशाताईंच्या फोनमध्ये असते, आणि ते शेजारणीलाही कळता कामा नये. गर्भपातविषयक कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने स्त्रीचे नाव उघड करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा ठेवली आहे. २०१७ चा एचआयव्हीविषयक कायदा अशा माहितीच्या संरक्षणाची सक्ती करतो. कायद्याने माहितीला कवच दिले, ती ज्यात ठेवावयाची त्या यंत्राला दिले नाही. वाडी लहान असते. तेथे नाव पुसले तरी वय, महिना आणि पाड्याचे नाव एवढ्यावर माणूस ओळखू येतो.

फसवणूक करणाऱ्यांना नेमकी हीच माहिती हवी असते. मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये मिळतात, हे ज्याला ठाऊक आहे आणि कोणत्या बाईला सातवा महिना आहे हेही ज्याला कळले आहे, तो “अंगणवाडीतून बोलतोय, ताई, पैसे जमा व्हायचे आहेत, आलेला नंबर सांगा,” असे म्हणाला तर ती बाई संशय घेणार नाही. देशात ठिकठिकाणी गरोदर स्त्रियांना असे फोन आल्याच्या तक्रारी आहेत. दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाच्या बाबतीत असा तोटा कळायलाच महिने जातात, आणि १९३० या साहाय्य क्रमांकाचा उपयोग तर घटना घडल्यापासूनच्या पहिल्या काही तासांतच अधिक होतो. २०२५ च्या १ जुलैपासून घरी न्यायच्या शिध्यासाठीही लाभार्थी स्त्रीचा चेहरा फोनसमोर ओळखून घ्यावा लागतो. संकेतशब्द फुटला तर बदलता येतो. चेहरा बदलता येत नाही.

पोलिसांच्या बाबतीत कायद्यानेच या यंत्राला मान्यता दिली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १०५ व्या कलमानुसार झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करावे लागते, आणि ते शक्यतो मोबाइल फोनवर करावे असे शब्द त्या कलमातच आहेत. चित्रण सुरक्षित चढवण्यासाठी ‘ई-साक्ष्य’ हे ॲप आहे, ही समाधानाची बाब. परंतु फोन कोणाचा, याविषयी कलम मौन पाळते. ज्या फोनवर पंचनामा झाला तोच फोन उद्या बचावपक्षाने तपासणीसाठी मागितला, तर त्या हवालदाराच्या घरगुती छायाचित्रांचे काय, हा प्रश्न आज ना उद्या एखाद्या न्यायालयासमोर येईल.

सरकारला हे कळत नाही असे नव्हे. २०२२ च्या जूनमध्ये केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी जी सायबर सुरक्षा मार्गदर्शिका काढली तीत स्वच्छ लिहिले आहे, की सरकारी माहिती खाजगी क्लाउडवर ठेवू नये, सरकारी कागद कॅमस्कॅनरसारख्या बाहेरच्या ॲपने स्कॅन करू नयेत, फोन अद्ययावत ठेवावा. त्यानंतर दोनच वर्षांनी लाडक्या बहिणींचे कागद कसे टिपले गेले ते वर सांगितलेच आहे. ताकीद एका मजल्यावर लिहिली जाते, कामाचा रेटा दुसऱ्या मजल्यावरून येतो, आणि दोघांची गाठ पडते ती अंगणवाडीच्या ओसरीवर.

२०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा या बाबतीत अधिक सरळ आहे. त्याच्या दृष्टीने माहितीचा जबाबदार धनी तो, जो ती कशासाठी आणि कशा रीतीने वापरायची हे ठरवतो. म्हणजे येथे विभाग, सेविका नव्हे. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. शासनाला या कायद्यात सवलतीची पळवाट ठेवलेली आहे हे विसरून चालणार नाही. पण सवलत मागताना तरी माहिती आपली आहे हे मान्य करावे लागते, आणि एकदा ते मान्य केले की गॅलरीतल्या प्रतीची जबाबदारी ताईंवर ढकलता येत नाही. नियम २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले, आणि मुख्य बंधने अमलात येण्यास अठरा महिन्यांची मुदत आहे. ती २०२७ च्या मे महिन्यात भरते.

तोवर काही करायचेच असेल, तर ते महागही नाही आणि अवघडही नाही. ज्या ॲपमध्ये कागदाचा फोटो काढायचा त्यानेच तो टिपून थेट पाठवावा आणि गॅलरीत ठेवू नये, ही ॲप लिहिणाऱ्याच्या हातातली गोष्ट आहे. अँड्रॉइडमध्ये कामाचा कप्पा निराळा करण्याची सोय वर्षानुवर्षे आहे, ती फोन वाटतानाच चालू करून देता येते. मुदतीचा अहवाल रेंज नसल्याने दोन दिवस उशिरा आला तर नोटीस काढायची नाही, एवढे एक परिपत्रक काढले तरी झेरॉक्सच्या दुकानातले निम्मे चिठोरे नाहीसे होतील. आणि तलाठ्याच्या चार्जयादीप्रमाणे एक यादी मोबाइलचीही असावी: नोकरी सुटली, बदली झाली किंवा नुसता फोन बदलला, तरी प्रकल्प कार्यालयातील कोणी जाणता माणूस समोर बसून जुन्या यंत्रातील नोंदी पुसून देईल, आणि पुसल्याचा दाखला दोघांच्या सहीने रजिस्टरात चढेल. त्यासाठी ताईंना टोकावड्याहून मुरबाडला यावे लागेल, तर त्या दिवसाचे एसटीचे भाडे कार्यालयाने द्यावे.